मापं तीच

४ सप्टेंबर

टिल्लूशेठ,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी माझं काम कर. माझा कॉम्प्युटर बिनसलाय.

हाताने कागदावर कटिंग आखत बसू नकोस, डोळे जातील, असं तूच म्हणाला होतास ना? हल्ली तयार पॅटर्न मिळतात. मापं टाकायची, उतरवून घ्यायचे, छापायचे आणि कापायचे. तर घेतला एक. पुरुषांचा लांब कोट. डाउनलोडचं बटण दाबलं. फाइल आली आणि उघडली कशात, तर मी गिऱ्हाइकांना पत्रं टाइप करते त्या प्रोग्रॅममध्ये! पानभर चौकोन, टक्क्यांची चिन्हं, प्रश्नचिन्हं, मधूनच एखादा भरकटलेला इंग्रजी शब्द. कोटाचा पत्ता नाही. पुन्हा उतरवलं, पुन्हा तेच. आता डाउनलोडच्या खणात त्याच कोटाचं लेंढार जमलंय आणि एकही अंगात घालता येत नाही.

मला आठवतंय ते असं. मागे पहिल्यांदा काहीतरी उतरवलं तेव्हा ब्राउझरने विचारलं होतं, ही फाइल कशात उघडू? मी घाईत होते, गिऱ्हाईक एका बाहीचं जाकीट घालून समोर उभं. जे पहिलं दिसलं त्यावर दाबलं. खाली एक चौकट होती, ‘या प्रकारच्या फाइलींसाठी यापुढे नेहमी असंच करा.’ त्यातही खूण केली. पुन्हा पुन्हा विचारणारी माणसं मला आवडत नाहीत, यंत्र कुठून आवडणार! तेव्हापासून ते विचारतच नाही.

उत्तर कागदावर लिही. फोनवर मला ऐकू येत नाही हे तुला माहीत आहे, शिलाईच्या मशिनांनी माझे कान केव्हाच खाल्ले. आणि पडद्यावर एका वेळी एकच खिडकी मला सांभाळता येते. तुझं पत्र टेकवून ठेवीन आणि एकेक करत जाईन. समोरचा चष्मेवाला रोज म्हणतो, भावाला व्हिडिओवर बोलवा, ओठ बघून कळेल. त्याला काय सांगू? माझा भाऊ साऱ्या ऑफिसचे कॉम्प्युटर दुरुस्त करतो आणि त्याचा स्वतःचा कॅमेरा उन्हाळ्यापासून बंद आहे?

आता कळलंच असेल, कोट तुझ्यासाठी आहे. नको म्हणू नकोस, कापड घेऊन झालंय. तू यंदा आला नाहीस. दर वर्षी येतोस, दोन दिवस खाऊन-पिऊन लोळतोस, मी टेप घेऊन मागे लागते आणि तू पोट आत ओढतोस. यंदा ‘काम आहे’ म्हणून चार ओळी. तुझे दाजी गेल्यापासून मला माझं माणूस म्हणायला तूच उरलास, आणि तूही कामात. असो. मापं कळव, नवीन. घे आशीर्वाद.

ताई


११ सप्टेंबर

ताई, हा घे वाकून नमस्कार.

मदत-कक्षात आपलं स्वागत आहे. बंद करून पुन्हा चालू करून पाहिलंत का? (हे आम्हाला विचारावंच लागतं, रागावू नकोस.)

तुझा कॉम्प्युटर ठणठणीत आहे. तू जे सांगितलंस तेच तो इमानदारीने करतोय. फाइल पीडीएफ आहे, ती वाचायचा प्रोग्रॅम वेगळा असतो. तू ब्राउझरला सांगून ठेवलंस की असली फाइल लिहायच्या प्रोग्रॅमकडे पाठव. म्हणजे कापड शिंप्याकडे न जाता धोब्याकडे गेलं. धोबी काय करणार, डोळे फाडून बघत बसणार.

आता असं कर. ब्राउझरच्या वरच्या कोपऱ्यात तीन आडव्या रेघा आहेत, त्या दाब. सेटिंगमध्ये जा. खाली उतरत गेलीस की फाइलींचे प्रकार एकाखाली एक दिसतील आणि प्रत्येकापुढे त्याचं काय करायचं ते. पीडीएफची ओळ शोध. पुढे लिहायच्या प्रोग्रॅमचं नाव असेल. त्यावर दाबलंस की पर्याय उघडतील: फाइल साठवा, ब्राउझरमध्येच उघडा, दुसरा प्रोग्रॅम वापरा, दर वेळी विचारा. तू ‘दर वेळी विचारा’ निवड. मग फाइल आली की विचारेल, तेव्हा पीडीएफ वाचायचा प्रोग्रॅम दाखव. मी तो मागेच टाकून ठेवलाय, लाल चिन्हाचा.

ब्राउझरमध्येच उघडू नकोस. तिथून छापलं की तो पान कागदात मावावं म्हणून सगळं थोडं आक्रसतो. पत्र असतं तर चाललं असतं, कोटाला चालणार नाही. छापताना ‘मूळ आकार’ निवड. पहिल्या पानावर एक चौकोन असतो, त्याच्या बाजूंची लांबी आत लिहिलेली असते. तो छापून टेप लाव. बरोबर आला तरच पुढे जा.

कोट कशाला पण? आहेत माझ्याकडे. बरं, कापड घेतलंच आहेस तर शीव. मापं तीच आहेत. अजिबात बदल नाही, मागच्या वर्षीचीच टाक. कॅमेऱ्याचा सुटा भाग येणार येणार म्हणतात, येत नाही. चष्मेवाल्याला माझा नमस्कार सांग. मी मजेत.

टिल्लू


१७ सप्टेंबर

टिल्लू,

तुझं पत्र पडद्याला टेकवून बसले. तीन रेघा सापडल्या. यादीही सापडली. बाई गं, किती प्रकार त्या फाइलींचे! पीडीएफ मिळाली, पण मी ‘दर वेळी विचारा’ नाही निवडलं. सरळ तुझा लाल चिन्हवाला नेमून टाकला. दर वेळी कशाला विचारायचं? एकदा सांगितलं की सांगितलं.

आणि उघडला कोट! रेघा काय स्वच्छ, मला गहिवरूनच आलं. मूळ आकार निवडून पहिलं पान छापलं, चौकोनाला टेप लावली, सुताचाही फरक नाही. पाठ थोपट माझी. पुढच्या पानाला शाई संपली. शाई यायला दोन-चार दिवस लागतील, तोवर मी नुसती येरझाऱ्या घालतेय. कापड टेबलावर पसरलंय, खडू हातात, आणि काम नाही. रिकामी बसले की माझं डोकं भलतीकडे जातं.

तर विचारतेच. पत्र पेन्सिलीने का लिहिलंस? तुला पेनांचा केवढा षोक, खिशाला तीन लावून फिरणारा तू. आणि ओळी उतारावर गेल्यासारख्या खाली घसरल्यात. मी ते पत्र दोनदा खिडकीशी नेऊन पाहिलं. काही नाही ना? उगाच विचारते. दाजींच्या वेळेपासून मला काहीही दिसलं तरी वाईटच दिसतं.

मापं तीच म्हणतोस तर तीच टाकलीत. उत्तर लवकर लिही.

ताई


२९ सप्टेंबर

ताई, हा घे वाकून नमस्कार.

उशीर झाला. ऑफिसात सगळी यंत्रं बदलली, मान वर करायला फुरसत नव्हती. पेन्सिलीचं म्हणशील तर सगळी पेनं एकदम वाळली, असं होतं कधीकधी. ओळी घसरल्या कारण मांडीवर पॅड ठेवून लिहितो. हल्ली टेबलाशी बसायचा कंटाळा येतो.

एकच सांगतो, लाल चिन्हवाल्यावर डोळे झाकून विसंबू नकोस. छापताना दर वेळी बघ, मूळ आकार आहे ना.

मी मजेत. काळजी नको.

टिल्लू


१० ऑक्टोबर

टिल्लूशेठ,

कोट पाठवला! आजच, या पत्राच्या आधी. शाई आली त्या दिवशी उरलेली सगळी पानं एका दमात काढली, चिकटवली, कापली. कॉलरचं एक टोक पहिल्या पानावर होतं, ते शेजारच्या पानाशी नीट जुळेना. छपाईच ती, इकडेतिकडे होणार, म्हणून तेवढं हाताने आखून घेतलं. बाकी पानं एकमेकांना अशी जुळली की बघत राहावं. अस्तर गडद निळं घातलंय. काजं हाताने केलीत, मशिनची काजं मला बघवत नाहीत.

बाजूच्या शिलाईत बोटभर माया ठेवलीय, बाहीच्या दुमडीत दोन बोटं. हो, हस. शिलाईच्या आत दडवलेल्या जादा कापडाला आम्ही मायाच म्हणतो, त्याला मी काय करू? तुझा घेर दर वर्षी वाढतो, तेव्हा उसवून ती सोडली की कोट पुन्हा अंगात येतो. परक्या गिऱ्हाइकाला मी याच्या निम्मीही ठेवत नाही.

तयार कपड्यावर एकदा टेप फिरवायची माझी रीत आहे, पण पार्सलवाला दारात उभा राहून घड्याळ बघत होता. घालून बघ आणि लगेच लिही. ‘मजेत’ एवढ्यावर भागवू नकोस. कसा बसला, कुठे ओढतो, कुठे झोळ पडतो, सगळं हवं मला.

ताई


१३ ऑक्टोबर

टिल्लू,

कोट घालू नकोस! घातला असलास तर काढ. बटणं ओढून लावू नकोस, काजं फाटतील.

आज कागदाचे तुकडे गुंडाळून ठेवत होते. वरती चौकोनाचं पान, खाली बाकीची. कॉलरचा तो न जुळलेला कोपरा पुन्हा डोळ्यांत खुपला. सहज पाठीच्या तुकड्यावर टेप टाकली. लांबीला कमी! छातीचा तुकडा, कमी. बाही, कमी.

धावत कॉम्प्युटरपाशी गेले आणि ती फाइल पुन्हा उतरवली. लाल चिन्ह आलंच नाही. ब्राउझरने ती स्वतःच्याच पोटात उघडली! वर एक चिठ्ठी लटकत होती, ‘आम्ही स्वतःला अद्ययावत केलं आहे.’ कुणी सांगितलं होतं? माझं नेमलेलं सगळं पुसून त्याने पुन्हा आपलंच घोडं पुढे दामटलं. आणि छापायच्या खिडकीत ‘कागदात मावेल असं’ यावर खूण. शाई आल्यावर मी बघितलंच नाही. रेघा त्याच दिसल्या, दाबून मोकळी झाले. चौकोनाचं पान आधीच निघालं होतं आणि बरोबर होतं, म्हणून ते परत काढलं नाही. बाकी सगळी पानं सारखीच आक्रसलेली, म्हणून एकमेकांना जुळली!

हिशेब केला. छातीत जवळजवळ तीन इंच गेलेत, बाहीत दीड. तुझ्या अंगात तो चढणारच नाही. सगळी माया सोडली तरी छातीला पुरणार नाही. इतकी वर्षं कात्री धरतेय आणि कापलं कुणासाठी, तर टिल्लूसाठी, आणि असं. उलट टपाली परत पाठव. नवीन कापड आणते.

ताई


१६ ऑक्टोबर

ताई, हा घे वाकून नमस्कार.

कोट आला! काय कोट शिवलायस! शेजारच्या बाई डबा द्यायला आल्या होत्या, त्यांनी कोट हातात घेऊन उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाल्या, कुठल्या दुकानातला? मी म्हटलं, असल्या दुकानात तुम्हाला आत घेणार नाहीत.

बसला म्हणजे कसा, अगदी अंगाबरोबर. बटणं सहज लागतात. मी आत जाड स्वेटर घातला होता तरी हात मोकळे फिरले, पाठीत तर थोडा सैलच आहे. फक्त बाह्या जराशा आखूड झाल्यात, मनगटं बाहेर डोकावतात. पण ते माझे हातच माकडासारखे लांब, तुझा दोष नाही. हल्ली तशीच फॅशन आहे म्हणे.

तू सगळं सविस्तर लिही म्हणालीस, म्हणून लिहिलं. खूप दिवसांनी अंगाला ऊब आली. खरंच सांगतो. मी मजेत.

टिल्लू


२१ ऑक्टोबर

टिल्लू,

तुझं पत्र आणि माझं पत्र वाटेत एकमेकांना ओलांडून गेलेलं दिसतंय. तुझ्या पत्रावर १६ तारीख आहे. म्हणजे कोट लहान कापला गेलाय हे तुला माहीत नव्हतं, तेव्हा तू हे लिहिलंस.

मी ते सकाळपासून वाचतेय. दुकान उघडलं नाही. एक गिऱ्हाईक काच वाजवून गेलं, मी हलले नाही.

बाह्या आखूड झाल्या. त्या व्हायलाच हव्या होत्या, दीड इंच कमी आहेत. माणसाचं हाड आटत नाही. पण छातीत तीन इंच कमी असलेला कोट तुला स्वेटरवरून सहज होतो? पाठीत सैल पडतो? माझ्या मापांचा माणूस त्या कोटात शिरलाच नसता, टिल्लू. त्याची बटणं चार बोटं दूर राहिली असती. कोट लहान झाला आणि तरी बसला, म्हणजे तूही लहान झालास.

मापं तीच. किती सहज लिहिलंस!

आता सगळं एका सुतात ओवलं जातंय. आडवं पडून लिहिलं की पेन चालत नाही, पेन्सिल चालते. दाजी शेवटी तसंच लिहायचे, मला कळायला हवं होतं. कॅमेरा बिघडलेला नाही, तोंड दाखवायचं नाहीये. शेजारच्या बाई डबा का आणतात? तू तर स्वतः रांधून चार जणांना बोलावणारा.

मला राग आलाय आणि त्याहून जास्त भीती वाटतेय. मी पत्र लिहिता लिहिता तीनदा उठले. काय झालंय ते लिही. सगळं. विनोद एकही नको.

ताई


२६ ऑक्टोबर

ताई,

वाकून नमस्कार म्हणून दर पत्रात लिहिलं, ते खोटं. मला वाकता येत नाही. पोटावर टाके आहेत.

उन्हाळ्यापासून जेवण अंगी लागेना. तपासलं, तर आतड्यात गाठ. तू आपल्या कॉम्प्युटरचं पहिलं पत्र लिहिलंस त्याच सुमारास ती काढली. मदत-कक्षाचं माझं उत्तर हॉस्पिटलच्या खाटेवरून होतं. मग ताप आला, जखम चिघळली, पुन्हा आत, पुन्हा टाके. म्हणून मधलं पत्र उशिरा. आता घरी आहे, रजेवर. औषध शिरेतून देतात, दर तीन आठवड्यांनी, अजून बऱ्याच फेऱ्या आहेत. गाठ पूर्ण निघाली असं डॉक्टर म्हणतात. परत येणारच नाही असं म्हणत नाहीत. मी विचारलं होतं.

तुला का नाही सांगितलं? दाजींच्या वेळी तू हॉस्पिटलच्या बाकावर बसून माझ्यासाठी मफलर विणत होतीस. मी भेटायला आलो तेव्हा तुझा चेहरा पाहिला. ते गेल्यावर वर्षभराने तू जरा हसायला लागलीस. तुला पुन्हा त्या बाकावर बसवायचं माझ्या जिवावर आलं. आणि खरं सांगू का, मला स्वतःलाच ते शब्द तुझ्यापाशी उच्चारायचे नव्हते. तू कसा आहेस विचारायचीस आणि मी मजेत म्हणायचो. कधीतरी मीही त्या चौकटीत खूण करून ठेवली, नेहमी असंच उत्तर द्या.

तुला विनोद नको होता. पण तूच ठेवलेलं नाव आहे, टिल्लू. एवढा आडवातिडवा वाढलो तरी तेच म्हणत राहिलीस. आता आरशात खरोखरचा टिल्लू दिसतो. रात्रंदिवस थंडी वाजते. तुझा कोट घरातही काढत नाही. आक्रसलेला आहे हे तुझ्या पत्रातून कळलं तेव्हा हसू आलं, आणि मग पोटभर रडलो, टाके दुखेपर्यंत. मापाचा आला असता तर अंगावर लोंबला असता, आणि तरी मी तुला ‘अगदी अंगाबरोबर’ म्हणूनच लिहिलं असतं. तुला कधीच कळलं नसतं.

धावत येऊ नकोस, तुझं दुकान आहे. पण माझं ते सेटिंग बदललंय. दर वेळी विचार. खरं सांगेन. परत पाठव म्हणू नकोस कोट, तो मी देणार नाही.

टिल्लू


३० ऑक्टोबर

टिल्लू,

हे पत्र पोचेल त्याच्या आगेमागे मीही पोचेन. येऊ का म्हणून विचारत नाहीये. दुकानाला कुलूप लावलंय, चावी चष्मेवाल्याकडे. गिऱ्हाइकांना सांगायला तो तयार आहे, आणि रडलाही, मला उगाच त्यालाच समजवावं लागलं.

बाकाचं म्हणतोस. बाकावर बसून मला त्रास झाला नाही रे. निदान जवळ होते. या दोन महिन्यांत तू मला दारातही उभं केलं नाहीस, त्याचा झाला. ते आल्यावर बोलू, भांडू. आधी टाके बघीन. कोणी घातलेत, किती अंतरावर घातलेत, मला बघायचंच आहे.

कोटाला हात लावू नकोस, शेजारच्या बाईंनाही लावू देऊ नकोस. बाह्यांची दुमड मी आल्या आल्या सोडते, म्हणजे मनगटं झाकतील. बाजूंना मात्र आत्ता कात्री लावणार नाही. तिथे बोटभर माया आहे, ती तशीच राहू दे. तू नीट जेव. टेप बरोबर आणतेय, पोट आत ओढायचं नाही. जसजसा तू भरत जाशील, तसतशी मी ती सोडत जाईन.

ताई